पऱ्हाटी इथं राह्यत नाई

प्लॉट नंबर चौदा, हिरवाई पार्क
(म्हणजे आपलं बोरीचं वावर, जिथं तू हुरडा खायले येत होता)
मु. पळसझरी, जि. वर्धा
दसऱ्याच्या आधीचा सोमवार

रोहण्याचे धनंजयराव यांले मोठ्या जवाईबुवाचा आशीर्वाद. मागतला नाई तरी घेऊन ठेवजो, कामी पडते. मंजुषाले आशीर्वाद, लेकरांले आशीर्वाद, अन् गोठ्यात जे कोणी उभे असतील त्यांच्या पाठीवरून माह्यातर्फे एक एक हात फिरवजो. तुहा गुडघा कसा हाये? तेल लावत जा, पण ते टीव्हीवरचं नको (टीव्हीवरच्या माणसाचा गुडघा मुळात दुखतच नसते, म्हणून तो एवढा हासते). तू म्हणशीन, फोन असताना भाऊजीनं हे पत्राचं काय काढलं? त आइक. फोनवर तू नुसता 'हो भाऊजी, हो भाऊजी' म्हणत गोठ्याकडं निघून जातो, मंजुषा स्पीकर लावून साऱ्या गल्लीले आयकवते, अन् इकडं स्वप्निल रविवारी नालवाडीहून आला की पह्यले माहा फोन पाह्यते, बाबानं कोणाकोणाले लावला म्हणून. शिवाय काई गोष्टी तोंडातून निघत नाई, पेनातून निघतात. पेन सूनबाईचा हाये. दिपाली पोरगी चांगली हाये, पेन तेवढा बरा चालत नाई.

धोंड्याच्या महिन्यात तू गाडी घेऊन न्यायले आलता अन् मी आलो नाई, त्याचा राग अजून गेला नसन. मंजुषानं पुरणाचे धोंडे केलते, ते तुम्हीच बसून खाल्ले असं समजलं. पण तुले माहा नेम माहीत हाये. माहा बाप म्हणत असे, जवायानं सासुरवाडीत एक रात्र राहाव. दुसऱ्या रात्री त्याले कोणी जवाई म्हणत नाई, अन् तिसऱ्या रात्री त्याले कोणी काईच म्हणत नाई. लग्न झाल्यापासून मी रोहण्यात दुसरी रात्र काढली नाई. एकदा तुमच्याकडं ताप भरलता, तरी बैलबंडीत गोधडी टाकून आडवा होऊन घरी आलतो (अन् तो ताप घरी येऊन आठ दिवस राह्यला, त्याचा असा काई नेम नव्हता). तुहे बाबा गेले तव्हाही मी रात्रीची गाडी धरून निघालो. लोकं म्हणे, जवाई मोठा ताठ हाये. मले बरं वाटलं होतं ते आयकून. ताठपणा हा वावर असलेल्या माणसाचा गुण हाये, हे मले लई उशिरा समजलं.

आमच्या तब्येती उत्तम. हे वाक्य पत्रात लिहाव लागते म्हणून लिहिलं. माही खरंच उत्तम हाये. तुह्या बहिणीची नाई. दुखत-खुपत काई नाई, डॉक्टरनं सारं तपासलं, रक्त काढलं, फोटो काढला, अन् म्हणे आजीले काई झालं नाई. पण ती चार घास कमी खाऊन राह्यली अन् बोलणं त त्याहून कमी. पह्यले मी एक बोललो की देवकाबाई चार बोलत होती, तुले माहीत हाये. आता मी चार बोलतो अन् ती खिडकीतून पाह्यते. तिच्याचबद्दल लिहायचं हाये, पण ते सांगायचं त पह्यले घर सांगाव लागन.

वावर कसं गेलं ते तू अर्धंमुर्धं आयकलं हाये. सातबारा मी हौसेनं स्वप्निलच्या नावावर केलता, माह्यामागं पोराले तलाठ्याकडं चकरा नको म्हणून. चकरा वाचल्या अन् वावर गेलं. त्याले मी शिव्या देत नाई (देतो, पण मनातल्या मनात, अन् त्याबी दिवसातून दोनदाच). चारी बाजूची वावरं लेआउटवाल्यानं घेतली होती. मधात आपलं एकटं. बंडी न्यायले पांदण नाई, धुऱ्यावरून पाणी काढायले वाट नाई, गाय चारायले जावं त तारेचं कुंपण. पोरगा म्हणे, बाबा, आता हे वावर राह्यलं काय न् गेलं काय. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाई, याचंच जास्त वाईट वाटते. ज्याच्याशी भांडाव असा माणूसच सापडत नाई. साऱ्या गावाचंच असं झालं. ज्यायचं ज्यायचं वावर गेलं त्यायले एक एक प्लॉट द्यायचं ठरलं, अन् वाटप केलं मारुतीच्या देवळात, चिठ्ठ्या टाकून. ज्या देवळात आम्ही पेरणीच्या आधी नारळ फोडत होतो, तिथं आमचीच वावरं डब्यात घालून हालवली. माही चिठ्ठी निघाली चौदा नंबरची. जाऊन पाह्यलं त चौदा नंबर आपल्याच बोरीच्या वावरात. लोकं म्हणे, बुढा नशिबाचा हाये, ज्याचं त्याले भेटलं. सारं वावर देऊन त्यातला तीस बाय पन्नासचा तुकडा वापस भेटला, अन् वरून पेढे वाटाव लागले.

त्या तुकड्यावर स्वप्निलनं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधून देल्लं, खाली टाइल्स, वर टाकी. गावातलं मातीचं घर रस्त्यात गेलं. घर चांगलं हाये, खोटं काऊन बोलू. पण गड्या, मले या घरात वाट सापडत नाई, कारण मले खालचं वावर दिसते. जिथं आपला गॅस ठेवला तिथून पाण्याचा दांड जात होता. देवघर हाये तिथं शेणखताचा ढीग राह्यत होता (देवाले अजून सांगतलं नाई). अन् साऱ्या वावरात जिथं कमरेच्यावर कापसाची पऱ्हाटी येत होती, जो तुकडा मी पाव्हण्यांले मुद्दाम नेऊन दाखवत होतो, बरोबर तिथं संडास हाये. रोज सकाळी तिथं बसल्या बसल्या मले वाटते, एवढं खत या जागेले आपण आयुष्यात कधी घातलं नव्हतं. लेआउटचं नाव 'हिरवाई पार्क'. त्यातलं हिरवं म्हणजे फाटक. त्यालेबी दोनदा रंग द्यावा लागला.

त्या फाटकावर एक शिपाई ठेवला हाये, परप्रांतातला, गरीब माणूस. पह्यल्या आठवड्यात मी वर्ध्याहून एस.टी.नं आलो अन् सवयीनं आत शिरलो, त त्यानं काठी आडवी घातली. किससे मिलना है? मी साठ वर्षं या रस्त्यानं कोणाले न इचारता गेलो, माहं डोकं फिरलं. मी म्हटलं, पऱ्हाटीसे. त्यानं मोठ्या इमानदारीनं आत फोन लावला, कोणाले तरी इचारलं, अन् मले अदबीनं सांगतलं, "बाबूजी, इस नाम का यहाँ कोई नहीं रहता।" मी हासलो. घरी येऊन तुह्या बहिणीले सांगतलं, म्हटलं ती बी हासन. ती हासली नाई. उठून मागच्या दारात जाऊन उभी राह्यली. तिथून रिकामे प्लॉट दिसतात.

आता मुद्द्याचं. रिकाम्या प्लॉटात गवत वाढलं, अन् गवतात आपल्या मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीची खोडं राह्यली होती. नांगरच फिरला नाई त मरतीन कशी? त्यायले धुमारे फुटले, पाती लागली, बोंडं धरली. दहा-पंधरा झाडं असतीन, तीबी वाकडीतिकडी. पण तुह्या बहिणीनं ती लेकरावानी सांभाळली. बकऱ्या हाकलल्या, भांड्याचं पाणी नेऊन घातलं. पोळ्याच्या मागंपुढं बोंडं फुटायले लागली, अन् पह्यलं बोंड तिनं तोडून आणलं. मी निजलो होतो तव्हा माह्या तोंडासमोर मूठ उघडून दाखवलं मले, अन् म्हणे उद्या सीतादही. मी म्हटलं, अवं, कोणाच्या प्लॉटात, कोणाचा कापूस, कायचं सीतादही? पण तुमच्या घरची रीत तुले माहीत हाये. पह्यलं बोंड फुटलं की बाईनं वावरात जायचं, सीतामायचे सात गोटे मांडायचे, हळदकुंकू-शेंदूर लावायचा, नव्या कापसाचा धागा झाडाले गुंडाळायचा, दहीभात दाखवायचा, अन् मंग वेचणी. त्याच्याआधी पह्यल्या बोंडाबिगर दुसऱ्या कापसाले हात लावायचा नाई. तुहे बाबा हयात असताना या दिवशी तुम्ही साऱ्या गल्लीले वावरात जेवाले नेत होते. तुही बहीण एकटी गेली. मी दारात उभा होतो. (बरोबर गेलो असतो त पुढचं झालं नसतं, पण माहं आपलं, लोकं काय म्हणतीन.)

झालं असं की लेआउटात गोटे कुठं भेटतीन? रस्ते सारे मुरूम टाकून दाबलेले, अन् प्लॉटात नुसती काळी माती. पण प्लॉटाच्या कोपऱ्या-कोपऱ्यावर मोजणीवाल्यानं दगड रोवले होते. चांगले घडीव, चुना लावलेले, वर लाल रंगात नंबर. तुह्या बहिणीले ते पसंत पडले. तिनं सात उपटले. एकेक पदरात घालून आणला, आमच्या मागच्या बावीस नंबरात पऱ्हाटीपाशी ओळीनं मांडला, अन् शेंदूर एवढा लावला की नंबर दिसेनासे झाले. दहीभात शिंपडला, मले परसाद देल्ला, अन् ओंजळभर कापूस वेचून आणला. त्या दिवशी ती रात्री जेवली. पोटभर जेवली, मी ताटाकडं पाहूनच होतो.

रविवारी आपला गजेंद्र गिऱ्हाईकं घेऊन आला. गजेंद्र म्हणजे माह्या चुलत भावाचा पोरगा, पह्यले माह्यासोबत वावरात बैलामागं डवरे धरत होता, आता गळ्यात साखळी घालून लेआउटवाल्याकडून प्लॉट विकते. त्यानं ते पाह्यलं अन् लालबुंद झाला. सात दगड गायब म्हणजे आठ-दहा प्लॉटांच्या हद्दी गायब. तो माह्यावर तोंड सोडणार, तेवढ्यात नागपूरची एक बाई गाडीतून उतरली, तिनं शेंदूर पाह्यला, चपला काढल्या, पदर घेतला अन् हात जोडले. म्हणे, हे कोणतं देवस्थान? गजेंद्रच्या चेहऱ्यावरचा राग कसा उतरला अन् भक्ती कशी चढली, ते मी माह्या डोळ्यांनं पाह्यलं. म्हणे, जागृत हाये ताई, लई जुनं. मी शेजारी उभा होतो. देव माह्या शेजारी आठ दिवसांत लई जुना झाला.

मंग काय बोलता! पंधरा दिवसांत तिथं चबुतरा झाला, टाइल्स झाल्या, वर टिनाचं शेड अन् 'प्राचीन श्री सप्तमाता मंदिर' म्हणून पाटी. मंदिराच्या समोरचे प्लॉट महाग झाले. मधुकरराव मास्तर (तुले आठवत असन, गावच्या शाळेत होते, आता रिटायर) रोज येऊन भांडते, कारण त्यायच्या प्लॉटाचा एक कोपरा देवी झाला. मोजणीवाल्याले बोलावलं. त्यानं फीत काढली, चबुतऱ्यापाशी आला, दगडाकडं पाह्यलं, हारफुलं पाह्यली, अन् नमस्कार करून फीत गुंडाळली. मास्तर आता अशा प्लॉटाचे मालक हायेत ज्याले तीनच कोपरे. ते मले म्हणते, तुमच्या बायकोनं माहा कोपरा देल्ला देवाले, पुण्य त मले लागलं पाह्यजे. माणसाले कुठंतरी फायदा दिसलाच पाह्यजे.

एवढं सारं मी हासत लिहून राह्यलो, पण आता पुढचं लिहितो ते हासत नाई. चबुतरा बांधायले जागा पाह्यजे होती, म्हणून गजेंद्रनं ती पऱ्हाटी उपटली. सारी. फुटलेली अन् फुटायची. मुळासकट काढून फाटकाबाहेर फेकली अन् कोणीतरी पेटवून देल्ली. तुही बहीण तव्हा झोपली होती. उठून मागच्या दारात गेली, त मिस्तरी सिमेंट कालवत होता. ती जाऊन एका दगडावरचं सिमेंट बोटानं पुसत बसली. गजेंद्र म्हणे, काकू, तुमच्यामुळंच एवढं मोठं देऊळ झालं, पह्यली आरती तुमच्या हातची. तिनं त्याच्याकडं पाह्यलं अन् एवढंच बोलली:

"जिथं पऱ्हाटीच नाई, तिथं सीतामायनं कायले बसाव रे बापू?"

गजेंद्र पोरगा वाईट नाई, डवऱ्यामागं चाललेला हाये. खाली मान घालून फोन पाहात राह्यला. पण आरती झाली. आता सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजते. बाया येतात, तुह्या बहिणीले इचारतात, माय, या देवीले कोणता वार, कोणता निवद? सुरवातीले ती समजावून सांगे, की बाई, हे देऊळ नाई, हे वेचणीच्या आधीचं हाये, हे मांडायचं, जेवायचं अन् कापूस वेचून घरी जायचं, गोटे तिथंच वावरात सोडून द्यायचे. कोणी आयकलं नाई. एकीनं तिलेच उलटं समजावलं, आजी, असं बोलू नका, देवी कोपन. तव्हापासून मागचं दार तिनं लावून घेतलं. आता पुढच्या खिडकीतून पाह्यते. पुढं सिमेंटचा रस्ता हाये अन् त्यापलीकडं मास्तराचा तीन कोपऱ्याचा प्लॉट. रोज सकाळी मले इचारते, रोहण्याले फुटली असन का हो पऱ्हाटी? मी म्हणतो, अजून नाई, अजून टाइम हाये. हे मी आता किती दिवस म्हणू?

बाकी इकडं सारं ठीक. नळाले पाणी येते, लाइट जात नाई, गावातल्या म्हाताऱ्यांले बसायले सिमेंटचे बाक केले हायेत. आम्ही सारे शेतकरी त्याच्यावर ओळीनं बसतो अन् मोकळ्या जागेकडं पाहात पावसाच्या गोष्टी करतो. पाऊस आला काय न् गेला काय, आता आम्हाले त्याचं काम नाई, पण सवय. स्वप्निल म्हणते, बाबा, आराम करा. करून राह्यलो. माणसानं किती आराम कराव यालेबी काई माप असते. मंजुषाले म्हणाव, काळजी करू नको. आम्हाले कोणत्याच गोष्टीची कमी नाई.

तुहा भाऊजी
महादेव

ता.क. मंजुषाची लोणच्याची बरणी दोन वर्षांपासून आमच्याकडं पडून हाये. आणून द्यायची हाये, म्हणून येणं होईन. बरणी मोठी हाये, पोस्टानं पाठवता येत नाई.

ता.क. दुसरा. तुह्या वावरात पऱ्हाटी कुठवर आली ते कळवजो. सीतादही झालं नसन त थांबजो, तुह्या बहिणीच्या हातानं करजो. मी तिले आणून सोडतो. दोन-चार दिवसांसाठी म्हणत नाई. वेचणी होयेपर्यंत. वेचणीनंतर तुरी असतात. तुरीनंतर हरभरा असते. तू समजून घेजो. गोटे तुह्या नाल्यातलेच घेऊ, इकडचे आणत नाई, इकडच्यांवर नंबर हायेत.

ता.क. तिसरा. वर लिहिलं की तिले आणून सोडतो. सोडून मी कुठं जाऊ, ते लिहायचं राह्यलं. तुमच्या गोठ्याच्या बाजूची खोली रिकामी हाये असं तू मागं बोलला होता. मले पाट नको, पाव्हणचार नको, चहा बिनसाखरेचा चालते. मागच्या वर्षी वेचणीले बाया भेटत नाई म्हणून तू रडत होता, त त्यायच्यात धर मले, जवाई म्हणून धरू नको. बाप म्हणे, तिसऱ्या रात्री कोणी काईच म्हणत नाई. मले आता तेच पाह्यजे.

ता.क. शेवटचा. हे पत्र मी तुह्या बहिणीले दाखवलं नाई, अन् यायचंही बोललो नाई, नाई तर तिनं आस लावली असती. पण आता आत जाऊन पाह्यलं त ती जुनं लुगडं फाडून कापूस वेचायच्या ओट्या शिवत बसली होती, कमरेले बांधतात त्या. एक शिवून झाली होती, दुसरी हातात होती. मी इचारलं, दोन कायले? तिनं सुतळी घेतली अन् माह्या कमरेचं माप घेतलं.